ताईचा टाक

७ डिसेंबर

एकदाची पोचले बाई! सुप्याहून निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं, इथं वस्तीवर आलो तेव्हा कललं होतं. वाटेत बारामतीला उसाचा रस प्यायला गाडी थांबवायला लावली. नवी नवरी रस मागते म्हणून लेकीला सोडायला आलेल्या आप्पांनी कपाळावर हात मारला, पण स्वतः दोन ग्लास प्यायले. पुढं इंदापूरच्या हद्दीत शिरल्यापासून उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, आणि त्या ट्रॅक्टरवर इतकी मोठ्यानं गाणी की आमच्या लग्नात बँजो नव्हता त्याची भरपाई झाली.

लग्न देवळात, साधंच. ज्या माणसाला इतकी वर्षं ‘दाजी’ म्हणून छळलं त्याच्याच गळ्यात हार घातला. रात्री जेवताना तोंडातून निघालंच, ‘दाजी, मीठ द्या.’ मला हसू आलं आणि त्याच घासाला रडूही आलं.

सोनमताई पावसाळ्यात गेली. इथल्याच शेततळ्यात पाय घसरून. मागं नंदू राहिली, राजनंदिनी, चार वर्षांची. तिच्यासाठी मी आले, हे सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. बारामतीच्या मेडिकल दुकानात गोळ्या मोजत बसण्यापेक्षा ताईच्या पोरीची वेणी घालणं बरं. आत्या, म्हणजे सासूबाई मुक्ताबाई, तिला मला ‘आई’ म्हणायला शिकवतायत. नंदू मान हलवते आणि म्हणते, ही माऊ आहे. मावशीचं तिनं केलेलं माऊच मला आवडतं.

उंबऱ्याच्या आत आल्याबरोबर आत्यांनी माझ्या गळ्यात काळा दोरा बांधला. त्यात चांदीच्या पत्र्याचा टाक, नखाएवढा, त्यावर बाईचा ठसा. ही ताई. पहिली वारली की मागून आलेलीनं तिचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं नेसलं, गोडधोड केलं की आधी तिला दाखवायचं, म्हणजे ती रागावत नाही. आत्या म्हणाल्या, ‘आता ती तुजी बहीन न्हाय, सवत हाय. जपून ऱ्हा.’ मी मनात म्हटलं, ताई, ऐकलंस का? पिकला पेरू मला देऊन स्वतः कच्चा खाणारी तू, आणि म्हणे सवत!

९ डिसेंबर

आज ताईचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून कोणी हात लावलेला नव्हता. या घरची रीतच तशी आहे. मेलेल्या बाईच्या वस्तू मागून येणारीनंच आवरायच्या, टाक गळ्यात घालून. तोवर त्यातलं काही टाकायचं नाही, जाळायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. प्रत्येक वस्तू आधी टाकाला लावायची आणि मग ठरवायचं. आत्या सांगत होत्या, ‘तिच्या अंगाला लागल्यालं चिंधूक बी आमी टाकत न्हाय. लई कडक हाय आमचं.’

वरच्या कप्प्यातल्या साड्या बघूनच मी खाली बसले. सगळ्या घड्या वाकड्या. ताईला आयुष्यात साडीची सरळ घडी जमली नाही. आई ओरडायची आणि ती म्हणायची, नेसल्यावर कुठं दिसते घडी? पावडरचा डबा, तुटक्या क्लिपा, हिरव्या बांगड्यांचा जोड, डोकं दुखायच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट. मी सवयीनं पाकिटावरची तारीख बघितली. मुदत अजून शिल्लक होती. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. खालच्या साड्या दमट होत्या. डिसेंबरात, भिंतीला ओल नसताना. आत्या म्हणाल्या, कपाट बंद होतं म्हणून. असेल.

१२ डिसेंबर

शेततळं बघून आले. नको म्हणत होते सगळे, पण मला बघायचंच होतं.

डाळिंबाच्या बागेपलीकडं आहे. उतरत्या कडा, त्यावर काळा प्लास्टिकचा कागद, कागदावर शेवाळ. अशा तळ्यात पडलेल्या माणसाला पोहता येऊन उपयोग नसतो. काठावर चढायला गेलं की पाय सटकतो. म्हणून सगळीकडं गाठी मारलेला नायलॉनचा दोर आत सोडून ठेवतात. इथंही आहे, कुंपणाला बांधलेला, कोरा, पिवळा. नवा का, म्हणून ह्यांना विचारलं, तर म्हणाले जुना कुजला होता.

नायलॉन कुजतो?

आणि ताई मोटर चालू करायला गेली होती म्हणतात, मग तळ्याच्या कडेनं गेली कशाला? मोटर अलीकडच्या बाजूला, कुंपणाबाहेर आहे. शिवाय आप्पांनी आम्हा दोघींना पाठीला डबा बांधून विहिरीत टाकून पोहायला शिकवलं. ताई बुडी मारून तळाचा दगड आणायची. लग्नानंतर मात्र सुप्याला आली की विहिरीकडं फिरकायची नाही. मी चिडवायचे, पाटलीणबाई झालात वाटतं.

तळ्याजवळ उभी होते तेव्हा गळ्यातला दोरा आवळल्यासारखा वाटला. मागून कोणी धरावा तसा. मागं कोणी नव्हतं. घरी आल्यावर आरशात चष्मा वर करून बघितलं, मानेवर लाल वळ आहे. दोरा ओला होता.

१५ डिसेंबर

ट्रंक काढली. ताईचा लग्नाचा शालू, त्याच्या घडीत रुमाल, रुमालात टाक.

आधी वाटलं माझाच गळून पडला. गळ्याला हात लावला. माझा जागच्या जागी होता. हा दुसरा. झिजलेला, काळा पडलेला, दोऱ्याला सेफ्टीपिन. सेफ्टीपिना ताईच्या. तिच्या मंगळसूत्रालाही एक असायचीच. दोऱ्याला तिच्या पावडरचा वास आहे. म्हणजे ताईनं हा गळ्यात घातला होता, वर्षानुवर्षं, ब्लाउजच्या आत.

पण टाक घालते ती मागून आलेली बाई. ताई पहिली होती.

पहिली होती ना?

रुमाल होता तसा बांधून माझ्या पर्समध्ये ठेवला. कोणालाही बोलले नाही. आज पहिल्यांदा आत्यांच्या हातचा चहा पिताना कप हुंगून बघितला. स्वतःचीच लाज वाटली, पण हुंगला.

१७ डिसेंबर

ह्यांना ताप आलाय. लोणी देवकरला कंपनीत गेले होते, दुपारीच परत आले. मी गोळी दिली. उतरेल संध्याकाळपर्यंत.

डाळिंबाच्या छाटणीला सारजाबाई येतात. ह्यांच्या जुन्या गावच्या, करमाळ्याकडच्या. ही मंडळी इथं जमीन घेऊन आली तेव्हा मागोमाग आलेल्या. आत्या देवळात गेल्या होत्या म्हणून मी त्यांना सरळच विचारलं, ताईच्या आधी कोण होती? सारजाबाईंची कात्री थांबली. म्हणाल्या, ‘तुला न्हाय सांगितलं? आगं, म्होरली इहिरीत गेली. गेली का घातली, देवाला ठावं.’ मग हळूच म्हणाल्या, तेव्हापासून ती या घरच्या लेकाला मागते. त्याला ताप भरतो आणि डॉक्टरांना सापडत नाही. ताप भरला की म्हातारी घाबरते. लेकाच्या बदल्यात—

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं आणि सारजाबाई पलीकडच्या ओळीत गेल्या. मी हाक मारली. त्यांनी मागं बघितलं नाही.

१९ डिसेंबर

ह्यांना विचारलं. टाक समोर धरला.

रडले. मला वाटलं होतं चिडतील. म्हणाले, हो, होती एक, थोडेच दिवस. तुमच्या घरच्यांनी मुलगी दिली नसती म्हणून लपवलं. सोनमला लग्नानंतर सांगितलं, तिनं पोटात ठेवलं, टाकही घातला. पावसाळ्यात तिला कंटाळा आला, तिनं तो काढून ठेवला आणि त्याच दिवशी ते झालं. माझे हात धरून सांगत होते, ‘रोहिणी, तू काय बी कर, पन गळ्यातला काढू नगस.’ हात भाजत होते.

माणूस खोटं बोलतोय असं वाटलं नाही. सगळं खरं सांगतोय असंही वाटलं नाही. त्यांना जेवढं सांगितलंय तेवढं ते सांगतायत, असं काहीतरी.

सारजाबाई दोन्ही दिवस कामाला आलेल्या नाहीत. आत्या म्हणाल्या, मीच तिचं येणं बंद केलं. तोंड लई चालतं तिचं.

२१ डिसेंबर

ताप उतरत नाही. रक्त तपासलं, काही निघत नाही. गोळ्या बदलून झाल्या.

दुपारी माझ्या मोबाइलवर ताईचे जुने मेसेज वाचत बसले होते. शेवटचा मी तेव्हा नीट वाचलाच नव्हता. लिहिलंय, ह्यांचा ताप उतरत नाही गं, आत्या नुसत्या माझ्याकडं बघत बसतात. मी तेव्हा उत्तर पाठवलं होतं, सूनबाई सुंदर आहे म्हणून. पुढं हसरं तोंड.

आता वर बघितलं तर आत्या दारात. माझ्याकडं बघत होत्या. किती वेळ, कोण जाणे. मी हसले. त्या हसल्या नाहीत. मायेनंच बघत होत्या, ते जास्त वाईट.

२३ डिसेंबर

ट्रंकेच्या खाली वाकळ गुंडाळून ठेवलेली. जड लागली म्हणून सोडली.

आत दोर. जुना, गाठी मारलेला, नायलॉनचा. कुजलेला नाही. एका टोकाला शेवाळ सुकलेलं, दुसरं टोक विळ्यानं कापावं तसं, सपाट. आणि दोरासोबत नंदूचा फ्रॉक. पिवळा, मीच वाढदिवसाला घेतलेला. त्यावरही तेच शेवाळ.

आता कळलं. ताईचा पाय घसरलाच नव्हता. नंदू आत होती. ताई तिच्यामागं उडी मारून गेली, तिला वर ढकललं आणि दोर धरायला वळली. दोर नव्हता.

त्यांनी हे पुरलं नाही, पेटवलं नाही. कसं पेटवणार? ताईच्या अंगाला लागलेलं. मागून येणारीनं आवरायचं असतं. माझ्यासाठी ठेवलं! आत्यांनी हातानं घडी घालून, माझ्यासाठी ठेवलं. माझ्या ताईला मारलं आणि रीत मोडली नाही!

वाकळ होती तशी गुंडाळली. अक्षर लागत नाही.

२४ डिसेंबर

आप्पांना फोन केला. म्हणाले, नवं नवं असं वाटतं, बाळा. मी दोराचं सांगितलं. मग म्हणाले, जीप घेऊन येतो, परवा.

आजच निघाले असते. पण नंदूला आत्या सोडत नाहीत. जेवण त्यांच्या हातून, झोप त्यांच्या कुशीत. मी म्हटलं, नाताळची सुट्टी आहे, सुप्याच्या अभयारण्यातली हरणं दाखवून आणते पोरीला. आत्या म्हणाल्या, ‘तू जा की. प्वार न्हाय जायाची.’ मी तिला सोडून जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

एक युक्ती केलीय. ताईच्या साड्या एकमेकींना गाठी मारून दोर केला. कॉटनच्या, घट्ट. दरवाजाला बांधून ओढून बघितला, माझं वजन पेलतो. कपाटात खाली ठेवलाय. वेळ आलीच तर.

ताई, तुझ्या साड्यांचं हेच करायचं होतं बघ.

२५ डिसेंबर

आत्यांनी माझा टाक ज्या पाकिटातून काढला होता, त्यावर बारामतीच्या सोनारांचा नंबर होता. ताईचा टाक कधी करायला टाकला, मेल्यावर की आधी, एवढंच विचारायचं होतं. आप्पांना दाखवायला काहीतरी हातात हवं.

रावजी सोनार. म्हातारा आवाज, गोड. घराचं नाव ऐकताच म्हणाले, ‘व्हय व्हय, झालाय तयार. उद्या पाठवून देतो म्हनून मुक्ताबाईस्नी सांगा.’ मी विचारलं, काय तयार झालंय? म्हणाले, दुसरा टाक. फोटो पाठवला होता ना त्यांनी मोबाइलवर. चष्म्याचं काम बारीक निघालं, म्हणून उशीर झाला.

मी डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात धरला.

ते म्हणाले, ‘लई तरनी दिसती वो फोटोत. कशानं गेली?’

रात्र

झोप नाही. टाकावर चष्मा.

दोरा चिंब ओला. काढावा की ठेवावा. काढला तर ती म्होरली—ठेवला तर ताई. ताई काही करणार नाही मला. आत्या म्हणतात बहीण नाही, सवत. म्हणू देत. पण साड्या ओल्या का होतात? तळ्यावर मला मागं ओढलंस, की गळा—

नाही. असला विचार करायचा नाही. तिच्याबद्दल नाही.

२६ डिसेंबर

सकाळी बाहेरून कडी. हाका मारल्या. हे खाटेवर नुसते कण्हतायत, त्यांना उठवत नाही. आत्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, ‘जरा दम धर बाय. लेकरू आंगोळ घालून आनते.’ डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खरंखुरं.

आप्पांचा फोन आला. बारामती सोडली. ऊसगाड्यांमुळं रस्ता तुंबलाय.

आप्पा, तुमच्यासाठी लिहून ठेवतेय. वाकळ ट्रंकेखाली आहे. सारजाबाईंना गाठा. नंदूला इथं ठेवू नका, काहीही झालं तरी.

खिडकीतून तळं दिसतं. आत्या नंदूला घेऊन चालल्यात. पिवळा फ्रॉक. ट्रंकेखालचा—तोच—

कुंपणावर पिवळा दोर दिसत नाही. काल होता.

कपाट उघडलं. साड्यांचा दोर नाही. गाठी सोडलेल्या. सगळ्या साड्या जागच्या जागी, घड्या घालून. आत्यांची घडी काठाला काठ असते. या वाकड्या.

वाकड्या. आणि ओल्या.

ताई, तू सोडल्यास? मी पाण्यात जाऊ नये म्हणून? की पाण्यातून परत येऊ नये म्हणून—

कडी निघाल्याचा आवाज. आत्ता. आत्या तर तळ्यावर आहेत. ह्यांचा खोकला खाटेवरूनच येतोय. घरात तिसरं कोणी नाही.

दार उघडं आहे. उंबऱ्यावर पाणी.

नंदू काठावर. हाक मारतेय. मला नाही. मला ती माऊ म्हणते. ही ‘आई’ म्हणतेय. तोंड पाण्याकडं. हात पुढं केलाय, कोणीतरी धरायला—

मी निघाले. ताई, तुझी पोर आहे ती. तू अजून माझी